नथीचा चाप धूसर का येतो? फोकस आणि अंतराचं गणित

आजचा प्रश्न आपल्या एका ऐकणाऱ्या मैत्रिणीचा. ती घरून मोत्यांच्या नथी विकते. फोन नथीच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढते. पुढचा मोती झकास येतो, मागचा चाप मात्र धूसर. मग गिऱ्हाईक विचारतं, "ताई, ही चापाची आहे की टोचलेल्या नाकाची?" तिला वाटतंय, आता नवा फोन घ्यावा लागणार. अगं, थांब जरा!

लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमकी फोकस होते. त्याच्या थोडं अलीकडचं आणि पलीकडचं आपल्याला स्पष्ट वाटतं, इतकंच. या स्पष्ट पट्ट्याला म्हणतात डेप्थ ऑफ फील्ड. मोठ्या कॅमेऱ्यात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान करून हा पट्टा वाढवता येतो. बहुतेक फोनमध्ये ते भोक कायमचं ठरलेलं असतं. मग आपल्या हातात काय उरतं? अंतर.

आणि अंतराचा हिशोब भारी आहे. मोठ्या सेन्सरचा, एफ १.८ ॲपर्चरचा फोन घ्या. २ मीटरवरच्या मित्रावर फोकस केलात, तर साधारण सव्वा मीटरपासून ५-६ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. तोच फोन २० सेंमीवर आणलात की पट्टा उरतो जेमतेम अडीच सेंमी! जवळच्या फोटोत अंतर निम्मं केलं की पट्टा पाव होतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: नथ अशी ठेवा की मोती आणि चाप फोनपासून सारख्याच अंतरावर येतील. फोन नथीला समांतर धरा, तिरका नको. दुसरा उपाय: दुप्पट मागे सरका आणि मुख्य कॅमेऱ्यावरच दुप्पट झूम करा. चौकट तीच राहते, पट्टा मात्र जवळपास दुप्पट होतो. बारकावे थोडे कमी होतील, पण मोबाइलवर पाहणाऱ्याला ते फारसं जाणवत नाही. मग मोत्यावर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये फोकस तिथेच लॉक होतो.

अजून एक. खूप जवळ गेल्यावर स्क्रीनवरचं चित्र अचानक टुणकन हलतं, पाहिलंय? मुख्य लेन्सला तेवढ्या जवळचं फोकस करता येत नाही, म्हणून फोन गुपचूप अल्ट्रावाइडवर जातो. २०२१च्या आयफोन १३ प्रोमध्ये ही सोय २ सेंमीपर्यंत चालते. पण इतक्या जवळ फोनची सावलीच नथीवर पडते, त्यामुळे विक्रीच्या फोटोसाठी मला तरी ती फारशी आवडत नाही.

आणि पोर्ट्रेट मोड? तिथली जास्तीची धूसर पार्श्वभूमी लेन्सची नसते, सॉफ्टवेअर ती अंदाजाने रंगवतं. नथीची बारीक तार त्याला पार्श्वभूमीच वाटू शकते. तेव्हा दागिन्यांसाठी तो बंदच ठेवा.