डॉक्टरांचा हात कोठे बसतो?



नव्या गड्याला आपण पहिल्याच दिवशी उभ्या केळीत ट्रॅक्टर घालू देत नाही. आधी पडीक रानात फिरवू देतो. हात बसला म्हणजे मग बागेत पाठवतो. शिकताना चुका होणारच, पण त्या मोलाच्या पिकावर होऊ नयेत, एवढाच हेतू. मग डॉक्टरांचा हात कोठे बसतो? त्यांच्या पहिल्या चुका कोणी सोसावयाच्या?

तरुण डॉक्टर आधी वरिष्ठांच्या शेजारी उभा राहून पाहतो, मग त्यांच्या देखरेखीखाली स्वतः करतो, ही रीत जुनी व चांगली आहे. परंतु हे शिक्षण बहुतांशी सरकारी रुग्णालयांत चाले आणि तेथे येणारे बहुधा गरीबच असत. त्यामुळे शिकण्याचा भार त्यांच्यावरच अधिक पडे. तो भार हलका कसा करावा, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या देशात याचा विचार फार पूर्वी झाला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय याच विषयावर आहे. कापण्याचा सराव दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा; छेद घेण्याचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर; टाके घालण्याचा जाड कापडावर व मऊ कातड्यावर; आणि पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर, असे त्यात सांगितले आहे. कितीही ग्रंथ वाचले तरी असा सराव न केलेला वैद्य कामास अयोग्य, असाही तेथे निर्वाळा आहे. आजही वैद्यकीय विद्यार्थी केळ्याच्या सालीवर टाके घालून पाहतात. आपल्या बागेतले फळही अशा रीतीने त्यांच्या शिक्षणास हातभार लावते!

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे सरावाची गरज आणखी वाढली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी भारतात प्रथमच या पद्धतीने पित्ताशय काढले. हिच्यात पोटाला लहान छिद्रे पाडून लांब हत्यारे आत घालतात व पडद्यावर पाहून काम करतात. दगडावर टेकवलेल्या पहारेचे एक टोक खाली दाबले की दुसरे वर जाते. तसेच येथे हात उजवीकडे नेला की हत्याराचे टोक डावीकडे जाते. शिवाय पडदा सपाट असल्याने खोलीचा अंदाज चुकतो. हे अंगवळणी पडावयास वेळ लागतो.

म्हणून साध्या पेटीत कॅमेरा बसवून, तिच्या छिद्रांतून हत्यारे घालून दाणे उचलण्याचा व टाके घालण्याचा सराव करतात. त्याहून पुढची पायरी संगणकाची. पडद्यावर किंवा डोळ्यांवर लावलेल्या चष्म्यात पोटाचा आतील भाग दिसतो. हातातील मूठ हलवली की चित्रातील हत्यार हलते. चुकून शीर कापली तर चित्रातच रक्त येते. यंत्र चुका मोजते आणि तोच धडा पुन्हा देते. कोणालाही इजा होत नाही.

याचा उपयोग होतो काय? अमेरिकेतील येल विद्यापीठात सोळा शिकाऊ डॉक्टरांवर याची परीक्षा झाली व तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्यांना यंत्रावर तयार केले, अर्ध्यांना नाही. नंतर सर्वांनी वरिष्ठांसमोर खऱ्या रुग्णांच्या पित्ताशयाचे काम केले. यंत्रावर शिकलेल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला; न शिकलेल्यांकडून इजा होण्याचा संभव पाचपट होता. परीक्षा लहान होती, पण दिशा स्पष्ट आहे.

मात्र यंत्र हे पडीक रान आहे, बाग नव्हे. एक देह दुसऱ्यासारखा नसतो, आणि घाबरलेल्या माणसाला धीर कसा द्यावा हे यंत्र शिकवीत नाही. वरिष्ठांची देखरेख हवीच.

आपल्याला जवळची खंडवा व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये २०१८ साली सुरू झाली. २०१९ पासून लागू झालेल्या एम. बी. बी. एस. च्या नव्या अभ्यासक्रमात पुतळ्यांवर व नमुन्यांवर सराव करण्याच्या कौशल्य प्रयोगशाळेला स्थान आहे. महागडी संगणकी यंत्रे सर्वत्र नसतात; पण पेटी, पुतळा व नियमित सराव यांनीही पुष्कळ साधते.

तेव्हा "तेथे पोरे शिकतात" म्हणून अशा रुग्णालयास टाळू नये, आणि दुखणे अंगावर काढू नये. परंतु उपचार फुकट आहे म्हणून मुकाट्यानेही बसू नये. नम्रपणे विचारावे : शस्त्रक्रिया कोण करणार? वरिष्ठ डॉक्टर शेजारी असतील काय? धोके कोणते? दुसरा उपाय आहे काय? उत्तर समजल्यावरच कागदावर सही किंवा अंगठा द्यावा. वाचता येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे.

डॉक्टरांनी शिकलेच पाहिजे, नाहीतर उद्या आपल्या लेकराबाळांवर उपचार कोण करील? पण पहिली चूक भोपळ्यावर, पुतळ्यावर, यंत्रावर व्हावी. गरिबाच्या देहावर होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.