इमॅटिनिब आणि औषध-सातत्य
क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक जोड-जनुक तयार होते, आणि त्यापासून बनणारे विकर रक्तपेशींना अखंड विभाजनाचा आदेश देत राहते. 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब नेमके त्याच विकराला रोखते. मात्र गोळी रोज घ्यावी लागते, आणि या नियमितपणालाच औषध-सातत्य म्हणतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील 87 रुग्णांच्या बाटल्यांना, उघडल्याची वेळ नोंदवणारी झाकणे बसवून केलेल्या 2010 मधील अभ्यासात, 80 टक्के किंवा त्याहून कमी मात्रा घेणाऱ्या एकाही रुग्णात रेणवीय प्रतिसाद, म्हणजे त्या जनुकाच्या खुणांची रक्तात अपेक्षित घट, आढळला नाही. इतका स्पष्ट पुरावा विरळाच. बरे वाटत असले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये.