मनगटावरच्या गॅजेटची घाम-परीक्षा!

नवीन स्मार्टवॉच घेताना आपण काय काय बघतो? डिस्प्ले, बॅटरी, कॉलिंग, कलर... आणि अर्थातच ऑफर! पट्टा कशाचा आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर बसच्या गर्दीत, जिममध्ये, अगदी झोपेतही त्वचेला चिकटून असतो तो हाच.

हा प्रश्न न विचारणं किती महागात पडू शकतं, ते २०१४ मध्ये अमेरिकेत दिसलं. ‘फिटबिट फोर्स’ या बँडमुळे त्वचेला त्रास झाल्याच्या सुमारे ९,९०० तक्रारी आल्या. काहींना तर चक्क फोड आले! कंपनीला तिथले जवळपास १० लाख बँड परत बोलवावे लागले. संशय होता स्टीलच्या आवरणावर, पट्ट्यावर आणि भाग जोडणाऱ्या गोंदावर.

खोटे कानातले घातले की अनेकींचे कान चिघळतात ना? तिथे बहुतेक वेळा खलनायक असतो निकेल. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली, की सहसा आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. म्हणूनच लॅबमध्ये चक्क नकली घाम बनवतात! पाण्यात मीठ, युरिया आणि लॅक्टिक अ‍ॅसिड. धातूचा भाग त्यात आठवडाभर बुडवून ठेवायचा आणि किती निकेल बाहेर आलं ते मोजायचं. युरोपातली मर्यादा आहे दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे धातूत निकेल आहे का, यापेक्षा ते घामात किती उतरतं, हे महत्त्वाचं.

आणि पट्टा? अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ पट्टे तपासले. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष आले. ९ पट्ट्यांमध्ये पीएफएचएक्सए हे वर्षानुवर्षं विघटन न होणाऱ्या ‘फॉरएव्हर केमिकल्स’पैकी एक रसायन सापडलं. गंमत म्हणजे, स्वस्त पट्ट्यांपेक्षा महागड्या पट्ट्यांत फ्लोरिन जास्त होतं! घाम आणि तेलाचे डाग बसू नयेत म्हणून त्यात फ्लोरोइलास्टोमर नावाचं रबर वापरतात. अर्थात, पट्ट्यात सापडलं म्हणजे शरीरात गेलंच, असं नव्हे. तेव्हा घाबरून घड्याळ फेकू नका. पण ‘महाग म्हणजे सेफ’ हा हिशोब मात्र विसरा.

एवढं कराच...
* बॉक्सवर मटेरियल वाचा. ‘फ्लोरोइलास्टोमर’ किंवा ‘एफकेएम’ दिसलं, तर सिलिकॉनचा किंवा कापडी पट्टा बघा.
* वर्कआउटनंतर पट्टा धुऊन, पूर्ण कोरडा करूनच घाला. थोडा सैलच बरा.
* रात्री मनगटाला सुट्टी द्या.
* खाज सुटली की घड्याळ लगेच काढा. तेच दुसऱ्या हातात घालणं हा उपाय नव्हे! त्रास थांबला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या.

आणि हो, पुढच्या सेलमध्ये ‘बॅटरी किती चालते?’च्या आधी ‘पट्टा कशाचा आहे?’ असं बिनधास्त विचारा!