रेल्वेचा भराव आणि खाडीचे पाणी

ठाणे ते कल्याण लोहमार्ग १ मे १८५४ रोजी खुला झाला, तेव्हापासून दिव्याच्या परिसरात रुळांची भर पडत आली आहे. पुढे पनवेल व वसईकडील मार्ग दिव्यास येऊन मिळाले. ठाणे ते दिवा या दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे ठाणे स्थानकही जवळच्या म्हातार्डीच्या शिवारात योजिले आहे. दिवा आता शहरात मोडत असले, तरी येथे दिसणारा प्रश्न खाडीकाठच्या प्रत्येक गावाचा आहे.

रूळ सपाटीत राहावेत म्हणून सखल जागी भराव घालावा लागतो. हा भराव म्हणजे पाण्याच्या वाटेवर आडवा घातलेला बांधच होय. खाजणात भरतीचे खारे पाणी ओहळांवाटे आत येते व ओहोटीस परतते. पावसाळ्यात डोंगराचे गोडे पाणी त्याच वाटेने खाडीस मिळते. शेतकऱ्याची उघाडीही याच चढउतारावर चालते. भरावाखालील मोरी अरुंद असल्यास उघाडीबाहेरील पाणी ओहोटीतही वेळेवर उतरत नाही, झडप उघडत नाही आणि भात पाण्यात उभे राहते. अशा वेळी दोष उघाडीस दिला जातो, तो बहुधा चुकीचा असतो.

मोरीचा तळ ओहळाच्या तळाशी समपातळीत असावा. तो उंच ठेवल्यास ओहोटीच्या उथळ पाण्यात बोईटासारख्या मासळीस वर चढता येत नाही. मातीकाम पावसापूर्वी पुरे करून भरावाच्या उतारावर गवत लावावे. अन्यथा पहिल्याच सरीत माती ओहळात जाते. काँक्रीटची यंत्रे धुतलेले पाणी तीव्र क्षारधर्मी असल्याने मासळीस घातक ठरते. ते वेगळ्या खड्ड्यात साठवावे.

तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून वर डोकावतात. त्यांवर माती पडली वा पाणी तुंबून राहिले, तर कुऱ्हाड न लागताही झाड मरते. तिवरे गेली की मासळीच्या पिलांचा आसरा जातो व खारबांध लाटांपुढे उघडा पडतो. आराखड्यात बदल करून हानी कमी करता येते. अतिजलद रेल्वेच्या ठाणे स्थानकाची रचना बदलल्याने बाधित होणारे कांदळवन सुमारे १२ हेक्टरांवरून ३ हेक्टरांवर आल्याचे प्रकल्प यंत्रणेने सांगितले आहे. मात्र असे बदल काम सुरू होण्यापूर्वीच होऊ शकतात.

म्हणून ग्रामसेवकांनी आखणीचे खुंट दिसताच, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी कोठवर येते त्याच्या खुणा बांधांवर करून तारखेसह नोंद ठेवावी. पुढे पाणी तुंबल्यास तक्रारीस हीच नोंद आधार देते. तिवरांवर माती टाकली जात असल्यास तहसीलदार किंवा वनविभागाचा कांदळवन कक्ष यांस लेखी कळवावे.

खोदाईतील काळा गाळ फुकट मिळतो म्हणून शेतात पसरण्याचा मोह होतो. या गाळात गंधकयुक्त द्रव्ये असू शकतात. हवा लागताच त्यांचे आम्ल बनते व भाताची रोपे पिवळी पडून जळतात. मृदा परीक्षणाखेरीज तो गाळ खाचरात घेऊ नये.