धोकादायक इमारतीची नोटीस आली तर

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत माणसे झोपेत असताना कोसळली. तिशीहून अधिक जीव गेले. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीवर डकवलेला महापालिकेचा कागद नीट वाचायलाच हवा.

सर्वांत आधी वर्ग पाहा. ‘सी-1’ म्हणजे इमारत राहण्यास अयोग्य, ती रिकामी करून पाडायची. ‘सी-2ए’मध्ये घरे रिकामी करून मोठी दुरुस्ती होते, ‘सी-2बी’मध्ये रहिवासी आत असतानाच. ‘सी-3’ला किरकोळ डागडुजी पुरते. अशी नोटीस देण्याचा महापालिकेचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 मधून येतो. कलम 265अ नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून संरचना तपासणी करून घेणे ही मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे; नोटिशीची वाट पाहू नये.

लोक घर सोडत नाहीत ते बहुधा हक्क जाईल या भीतीने. भिवंडीत यंत्रमागावर पोट असलेल्याला जवळपास दुसरी खोली परवडत नाही, हेही तितकेच खरे. पण इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वी खोलीचे चटईक्षेत्र मोजून त्याची लेखी नोंद प्रभाग कार्यालयातून मागा. भाडेपावत्या आणि वीजबिले सोबत न्या. पुढे पुरावा म्हणून तीच लागतात.