दिघूचा वांटा

उन्हाळ्याच्या सुटींत मुलांचें काय करावयाचें, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत आतां मोठ्या गांभीर्यानें चर्चिला जातो. पोहण्याचा वर्ग, चित्रकलेचा वर्ग, संस्कारांचा वर्ग, अशी वर्गांची रीघ चैत्र संपण्यापूर्वींच लागलेली असते. आम्हीं स्वतः चौतीस वर्षें वर्गांतच घालविलीं असल्यामुळें वर्गाशीं आमचें वैर नाहीं. परंतु वर्षाचे दहा महिने वर्गांत बसलेल्या मुलास उरलेले दोन महिनेही पुनः वर्गांतच बसवावें, हें कांहीं आमच्या मनास पटत नाहीं. म्हणून गेल्या वैशाखांत पुण्याहून चिरंजिवांनीं दूरध्वनीवरून नातीच्या सुटीचा विषय काढला, तेव्हां “तिला इकडे पाठवून दे” इतकेंच आम्हीं सांगितलें. नातीस सहावें सरून सातवें लागलें होतें. चार गोष्टी तिला शिकवाव्या असा आमचा बेत होता. प्रत्यक्षांत शिकावें कोणास लागलें, तें पुढें येईलच.

आमचें घर दापोली तालुक्यांत आहे. गोठ्यांत एक गाय, हरणी. कोंकणांतली गाय म्हणजे अंगानें लहान, डोंगर चढण्यांत काटक आणि दुधास बेताची. या गाईची आतां ‘कोंकण कपिला’ या नांवानें स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. नात आली त्याच पहांटे हरणी व्याली. मुलगी मोटारींतून उतरली ती थेट गोठ्यांतच गेली. तिच्यादेखत तें वासरूं चार वेळां उठलें, चार वेळां कोसळलें, आणि पांचव्या वेळीं पाय फांकून उभें राहिलें. ती टाळ्या पिटूं लागली. शेजारचे गृहस्थ मात्र कुंपणावरून डोकावून म्हणाले, “पाडाच का? पाडी असती तर बरें झालें असतें.”

वासराचे डोळे लांबट व काजळ घातल्यासारखे होते. ‘शाकुंतलां’त शकुंतलेनें वाढविलेल्या हरिणाच्या पाडसाचें नांव दीर्घापांग, म्हणजे ज्याच्या डोळ्यांचे कोपरे लांब आहेत असा. तेंच नांव आम्हीं सुचविलें. नातीनें तें तोंडांत दोनदां घोळविलें आणि त्याचा ‘दिघू’ करून टाकिला. कालिदासाची इतकी तोडमोड आम्हीं वर्गांत कोणासही करूं दिली नसती.

त्याच सकाळीं घरांत पहिला वाद झाला तो खरवसावरून. नात आली आहे, पहिल्या दिवसाचा घट्ट चीक आहे, तेव्हां खरवस आजच झाला पाहिजे, असा तिच्या आजीचा आग्रह होता. सुदैवानें गाईस पाहावयास आलेले पशुवैद्य ओटीवर चहा घेत बसले होते. त्यांनीं सांगितलें तें असें: मनुष्याच्या बालकास रोगांशीं झगडण्याची कांहीं शक्ति आईच्या उदरांतच मिळते, वासरास ती तेथें मिळत नाहीं, ती पहिल्या चिकांतून मिळते. ती शोषून घेण्याचें त्याच्या आंतड्याचें सामर्थ्य जन्मल्यापासून पहिल्या कांहीं तासांत सर्वांत अधिक असतें आणि दिवसाभरांत जवळजवळ संपतें. “पहिला चीक त्याचा. त्याचें पोट भरून तिसऱ्या दिवशीं उरला तर खरवस करा,” असें म्हणून ते उठले. नातीस खरवस तिसऱ्या दिवशीं मिळाला. तो थोडा पातळ झाला होता. तिनें कुरकुर केली नाहीं.

यापुढची हकीगत आमच्या भूषणाची नाहीं. तरी ती सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं.

महिन्याभरानें एके दिवशीं धार काढतांना ती आमच्या शेजारीं उकिडवी बसली होती. नेहमींच्या रीतीनें आम्हीं दिघूस क्षणभर सोडिलें, हरणी पान्हावली, लगेच त्यास ओढून दाव्यास बांधिलें आणि चरवी भरूं लागलों. तो दोर ताणून हुंदडत होता. नात म्हणाली, “आजोबा, हे दूध त्याच्यासाठी आलं ना? मग त्याला का ओढलं?” “त्यालाही ठेवतो, बाळ,” आम्ही म्हणालों. “किती?”

वस्तुतः किती, हें आम्हांसही ठाऊक नव्हतें. आंचळांत मागें जें राहील तें त्याचें, हीच आमची परंपरागत मोजणी. पशुवैद्यांस विचारतां त्यांनीं हिशेब दिला कीं, या वयाच्या वासरास रोज त्याच्या वजनाच्या सुमारें एक दशांश दूध हवें. दिघूचें वजन तेव्हां पंधरा किलोच्या आसपास. म्हणजे दीड लिटर. दुसऱ्या दिवशीं दोन्ही वेळची सर्व धार काढून मोजली, ती अडीच लिटर भरली. मुलीस दशांश कळत नव्हता. तेव्हां आम्हीं पाव लिटरचे दहा पेले पडवींत ओळीनें मांडले आणि सांगितलें, हें हरणीचें एका दिवसाचें दूध. यांतले सहा दिघूचे. तिनें सहा पेले मोजून एका बाजूस सारले. मग ती स्वयंपाकघरांत गेली आणि आजीस विचारून आली: सकाळचा चहा, दुपारचा चहा, विरजण, नैवेद्य, तिचें स्वतःचें रात्रींचें दूध. परत येऊन तिनें दिघूच्या सहांतून चार पेले उचलून आपल्या बाजूस ठेविले. “आपण आठ घेतो, आजोबा. त्याला दोनच.”

ते दोन पेले पाहतांच आम्हांस दोन वर्षांपूर्वींचा पाडा आठवला. याच हरणीचा. तो अडीच महिन्यांत रोडावत जाऊन एके सकाळीं दाव्याशींच निजलेला सांपडला. जंत झाले, असें आम्हीं म्हटलें. गांवानेंही तसेंच म्हटलें. जंत होतेच, परंतु उपाशी पोटांत जंतांचें फावतें, हें पेल्यांच्या त्या रांगेपुढें उभे राहीपर्यंत आम्हीं मनाशीं कबूल केलें नव्हतें. पाडी असती तर तिच्या पोटाकडे आम्हीं लक्ष दिलें असतें, हेंही खरें. नांगरास आतां यंत्र आलें. पाड्यास घेणारा कोणी उरला नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ पासून गोऱ्हा आणि बैल यांच्या हत्येसही कायद्यानें बंदी आहे. त्या कायद्यानें पाडा सुरीपासून वांचतो, पण दाव्याशीं उपाशी राहण्यापासून त्यास वांचविणारें कोणतें कलम आमच्या ऐकिवांत नाहीं. आणि आम्ही कोण? ‘वात्सल्य’ हा शब्द ‘वत्स’ म्हणजे वासरूं या शब्दापासून आला, गाईचें वासरावरचें प्रेम हेंच आपल्या भाषेंत सर्व मातापित्यांच्या प्रेमाचें माप ठरलें, असें चौतीस वर्षें फळ्यावर लिहून देणारे!

त्या दिवसापासून सकाळीं दोनच आंचळांची धार काढावयाची आणि संध्याकाळीं मुळींच नाहीं, असें ठरलें. आमच्या वांट्यास तीन पेले आले. उणें पडेल तें पिशवीचें दूध दुकानांतून येऊं लागलें. पहिले दोन दिवस चहा बेचव लागला, नंतर लागेनासा झाला.

मांजरीचें प्रकरण याच सुमाराचें. माळ्यावर तिचीं तीन पिल्लें होतीं. मांजर पिल्लांना सात घरें फिरवितें म्हणतात, त्याप्रमाणें तिनें तांदळाची कोठी, पाळणा आणि आमची पुस्तकांची पेटी इतकी यात्रा केली. मांजराचीं पिल्लें दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत हाताळलीं गेलीं तर माणसाळतात. नातीच्या राजवटींत तीं इतकीं माणसाळलीं कीं आमच्या पूजेच्या पाटावर बसूं लागलीं.

खारीची गोष्ट मात्र हंसण्यासारखी नाहीं. वैशाख सरतां सरतां वळवाचा पाऊस झाला, आणि वाऱ्यानें माडावरचें घरटें खालीं आलें. त्यांत खारीचीं दोन पिल्लें होतीं, बोटाएवढीं, डोळे मिटलेलीं, अंगावर लव नसलेलीं. नातीनें तीं ओंजळींत आणिलीं आणि आमच्याकडे पाहिलें. येथें आम्हीं विद्वत्ता दाखविली. गाईचें दूध कोमट करून कापसाच्या वातीनें पाजावें, असें सांगितलें. आमच्या लहानपणीं असेंच करीत. तिनें एकाला पाजलें, दुसरें तोंड उघडीना. पाजतां पाजतां, रामाच्या बोटांमुळें खारीला पट्टे आले ना, असें तिनें विचारिलें. ही लोकांत चालत आलेली गोष्ट आहे, वाल्मीकींच्या रामायणांत ती नाहीं, एवढी दुरुस्तीही आम्हीं केली. ज्याला दूध पाजलें होतें तें पिल्लूं रात्रीं गेलें.

पशुवैद्यांनीं दूरध्वनीवर समजावून सांगितलें. खारीच्या पिल्लास गाईचें दूध पचत नाहीं, त्यास हगवण लागते. घाईनें पाजलें तर तें फुप्फुसांत उतरतें. आणि गारठलेल्या पिल्लास आधीं ऊब द्यावयाची असते, अन्न नंतर. शक्य असेल तर पिल्लूं झाडापाशींच ठेवावें, आई येऊन नेते. “देवाघरीं गेलें म्हणून सांगा,” असें आमच्या कुटुंबाचें मत पडलें. पोर लहान, सुटीचे दिवस, कशाला मन दुखवा? आम्हीं रात्रभर त्याचा विचार केला. सकाळीं नातीस पडवींत बसवून सांगितलें कीं पिल्लूं आमच्या सांगण्यामुळें गेलें, आम्हांस ठाऊक नव्हतें आणि विचारावयास हवें होतें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “तुम्ही मोठे असून तुम्हाला माहीत नव्हतं?” “नव्हतें.” “मग दुसऱ्याला काही पाजायचं नाही.”

कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून तिच्या कडेला तें पिल्लूं परडींत ठेविलें, परडी माडाच्या खोडास बांधिली आणि मांजरीस स्वयंपाकघरांत कोंडलें. आम्ही तिघें खिडकीच्या गजांआडून पाहत बसलों. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. कावळा आला कीं नात खिडकीवर थाप मारी. दहाच्या सुमारास माडावरून ‘चिर्र चिर्र’ ऐकूं आलें, खार डोकें खालीं करून उतरली, परडीच्या कांठावर थबकली, आणि पिल्लूं तोंडांत धरून वर गेली. नातीनें श्वास सोडिला तो आम्हांस ऐकूं आला. मेलेलें पिल्लूं तिनें त्याच माडाखालीं पुरिलें. त्यावर दगड ठेविला, नांव ठेविलें नाहीं.

जूनमध्यें शाळा उघडली आणि ती गेली. जाण्यापूर्वीं आजीच्या शिवणाच्या पेटींतली फीत काढून तिनें दिघूच्या छातीचा घेर मोजला. तो ५९ सेंटिमीटर भरला, आणि तो आंकडा तिनें गोठ्याच्या भिंतीवर खडूनें लिहिला. वासराचें वजन तराजूवांचून अजमावण्याची ही रीत तिला पशुवैद्यांनीं शिकविली होती. आतां दर रविवारीं दूरध्वनि येतो आणि “आजोबा, किती?” हा पहिला प्रश्न असतो. आम्हांस फीत घेऊन गोठ्यांत जावेंच लागतें, कारण खोटा आंकडा सांगण्याची आमची छाती नाहीं. गेल्या रविवारीं घेर ७३ होता. भिंतीवरची ओळ खांबापर्यंत पोंचली आहे.

मोठा झाल्यावर दिघू काय करणार, हाही तिचा एक प्रश्न आहे. आमच्यापाशीं उत्तर नाहीं, तसें तिला सांगितलें. दोन बिघे भातशेती, त्यांतही यंत्र. गाडी कधींच मोडून पडली. शेजारच्या वाडींत एका गृहस्थास खतासाठीं गुरें ठेवावयाचीं आहेत, त्याच्याशीं बोलणें चाललें आहे. तोंवर आमच्या दावणीस त्याची जागा आहे. “दिवाळीला येईन तेव्हा ठरवू,” असें नातीनें कळविलें. आश्विनांतल्या वद्य द्वादशीस, वसुबारसेस, गाईची वासरासह पूजा करतात आणि व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशीं गाईचें दूध व दुधाचे पदार्थ घेत नाहींत, हें आजीनें तिला सांगितलें. तेव्हां पलीकडून लगेच आवाज आला, “म्हणजे त्या दिवशी दहाच्या दहा पेले दिघूचे ना?”