घरगुती अन्नसाठ्यातील दूध भुकटी : साठवण आणि वापर

प्रस्तावना :
आणंद येथे १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची भुकटी तयार करण्यात हरिचंद मेघा दलाया यांना यश आले. तोपर्यंत परदेशी तज्ज्ञ ही गोष्ट अशक्य मानीत असत. या यशामुळे हिवाळ्यातील अतिरिक्त दूध उन्हाळ्याच्या टंचाईसाठी राखून ठेवणे शक्य झाले. कारखान्यातील या कामगिरीवर पुष्कळ लिहिले गेले; घरच्या फडताळात पोहोचल्यावर भुकटीचे काय होते, हा विषय मात्र उपेक्षित राहिला. भुकटी कोरडी असल्याने ती टिकाऊ आणि निर्जंतुकही असते, असा सार्वत्रिक समज आहे. त्यातील पहिला भाग अर्धसत्य आहे, तर दुसरा चुकीचा.

साठवण :
स्निग्धांशविरहित भुकटीत स्निग्धांश जास्तीत जास्त १.५ टक्के, तर पूर्ण दुधाच्या भुकटीत किमान २६ टक्के असतो. या फरकामुळे दोन्ही भुकट्या वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. फवारा पद्धतीने दूध वाळवताना त्यातील लॅक्टोजला स्फटिकरूप घेण्यास अवधी मिळत नाही. ते काचेसारख्या अस्फटिकी अवस्थेत राहते आणि हवेतील बाष्प झपाट्याने शोषते. परिणामी गुठळ्या होतात. ओलाव्याला उष्णतेची जोड मिळाली की लॅक्टोज व प्रथिने यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होते, भुकटी तपकिरी पडते आणि लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाची उपलब्धता घटते. पूर्ण दुधाच्या भुकटीत याखेरीज प्राणवायूमुळे खवटपणा येतो. म्हणूनच तिच्या डब्यात नायट्रोजन भरतात. डबा उघडताच हे संरक्षण संपते. दीर्घ साठ्यासाठी त्यामुळे स्निग्धांशविरहित भुकटीच श्रेयस्कर ठरते.

कोकणपट्टीत जुलै महिन्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते. अशा वेळी घट्ट झाकणाची बरणीही पुरत नाही, कारण चहाच्या वाफेवर धरलेला चमचा पुन्हा तिच्यातच जातो. शेगडीवरची फळी सोयीची खरी, पण साठवणीस तितकीच अयोग्य. शीतकपाटातील थंड डबा तत्काळ उघडल्यासही आत बाष्प साचते.

वापर :
एक लिटर पाण्यास स्निग्धांशविरहित भुकटी सुमारे १०० ग्रॅम, तर पूर्ण दुधाची सुमारे १३० ग्रॅम लागते. थोड्या कोमट पाण्यात गुठळ्या मोडून मग उरलेले पाणी घालावे. असे दूध ताज्या दुधाइतकेच नाशवंत असते. विरजणापूर्वी दुधात थोडी भुकटी मिसळल्यास दही घट्ट लागते. बाजारातील ‘डेअरी व्हाइटनर’मध्ये बहुधा साखर असते, त्यास दूध भुकटी समजू नये.

तान्ह्या बाळासाठी यांपैकी काहीच चालत नाही. वैद्यकीय सल्ल्याने त्याला वरचे दूध द्यावेच लागले, तर त्यासाठीची भुकटी वेगळी असते. तीही निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर साकाझाकी हा जीवाणू कोरड्या भुकटीत वाढत नसला तरी दीर्घकाळ तग धरतो, कोमट दुधात वेगाने वाढतो आणि नवजात बालकांत प्राणघातक मेंदूज्वर घडवू शकतो. पाणी उकळून, थंड करून त्यात भुकटी मिसळली तर शुद्ध होते ते पाणी, भुकटी नव्हे. यास्तव जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसलेले पाणी सांगितले आहे. घरात तापमापक नसल्यास उकळलेले पाणी अर्ध्या तासाच्या आत वापरावे, तयार दूध पाजण्यापूर्वी निववावे आणि दोन तासांत न संपलेले टाकून द्यावे.